बुग्याल, गिरिभ्रमण आणि रात्रीचा मुक्काम

उत्तराखंडच्या हिमालयात वृक्षराजी जेथे संपते आणि बारमाही हिमाचा प्रदेश जेथे सुरू होतो, त्या दोहोंमधील गवताळ कुरणांना स्थानिक भाषेत बुग्याल असे म्हटले जाते. चमोली जिल्ह्यातील आली आणि बेदनी ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध अशी जोडकुरणे होत. मानवी सांगाड्यांमुळे जगभर परिचित झालेल्या रूपकुंड सरोवराकडे जाणारी वाट याच कुरणांवरून जाते. गेल्या काही दशकांत देशभरातील गिरिभ्रमणप्रेमी, आणि त्यांत मुंबई-पुण्याकडील मंडळी मोठ्या संख्येने, या वाटेवर येऊ लागली. २१ ऑगस्ट २०१८ रोजी नैनिताल येथील उत्तराखंड उच्च न्यायालयाने राज्यातील बुग्यालांमध्ये रात्रीच्या मुक्कामास मनाई केली आणि तेथे जाणाऱ्या पर्यटकांची संख्या दोनशेपर्यंत मर्यादित ठेवण्याचा आदेश दिला. त्यानंतर रूपकुंडची नेहमीची पदयात्रा थांबली.

या आदेशामुळे गिरिभ्रमणातील एक मूळ अडचण उघड झाली. उंच प्रदेशात चालणाऱ्या माणसाच्या शरीराला विरळ हवेची सवय होण्यासाठी वाटेत मुक्काम करणे आवश्यक असते. परंतु कुरणाचे सर्वाधिक नुकसान होते तेही या मुक्कामामुळेच.

कुरणाची घडण

बेदनी बुग्याल समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३५० मीटर उंचीवर आहे. खालच्या बाजूस खरसू जातीच्या ओकवृक्षांचे आणि बुरांशचे अरण्य, तर समोर ७,१२० मीटर उंचीचे त्रिशूळ शिखर, असे तेथील दृश्य असते. हिवाळ्यात कित्येक महिने ही कुरणे बर्फाखाली असतात. बर्फ वितळल्यावर गवत आणि फुलझाडे वाढीस लागतात व सप्टेंबर संपता संपता ती पिवळी पडतात. उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे जेमतेम तीन-चार महिन्यांत उरकावे लागते. गिरिभ्रमणाचा हंगामही नेमका याच महिन्यांच्या आगेमागे येतो.

दुरून पाहता बुग्याल म्हणजे मऊ गालिचा वाटतो. प्रत्यक्षात तो खडकावर पसरलेला मातीचा पातळ थर असून तो गवताच्या गुंतलेल्या मुळांनी धरून ठेवलेला असतो. थंडीमुळे तेथे माती फार सावकाश तयार होते. मुळांची ही जाळी एकदा फाटली की उघडी पडलेली माती पावसाळ्यात उतारावरून वाहून जाते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि पुन्हा सैल होते. भेग दरवर्षी रुंदावत जाते. साताऱ्याजवळील कास पठारावर फुलांच्या हंगामात पायदळी तुडवल्या जाणाऱ्या सड्याचे काय होते, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. बुग्यालांचे दुखणे त्याच जातीचे आहे, मात्र तेथे जखम भरून येण्यास मिळणारा काळ वर्षातून फार थोडा असतो.

या कुरणांचे आणखी एक महत्त्व म्हणजे तेथील औषधी वनस्पती. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी जटामांसी, कुटकी आणि अतिविष या मूळच्या अशाच उंचीवरच्या. जटामांसीची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत अतिसंकटग्रस्त अशी आहे. त्यामागे मुख्य कारण बाजारासाठी होणारी बेसुमार खोदाई हे आहे. गिरिभ्रमण करणाऱ्यांवर त्याचा सारा दोष टाकता येणार नाही. तथापि ज्या जमिनीत या वनस्पती तग धरून आहेत, तीच जमीन तंबूंसाठीही सोयीची ठरते, ही वस्तुस्थिती आहे.

तंबूखालची जमीन

पायवाटांच्या परिणामांविषयी जगातील अनेक पर्वतप्रदेशांत अभ्यास झाले आहेत. त्यांतून एक गोष्ट सातत्याने दिसून येते. कोऱ्या गवतावर पहिल्यांदा माणसे चालू लागतात, तेव्हाच बहुतेक हानी होऊन जाते. त्यानंतर वर्दळ दुप्पट झाली तरी हानी त्या प्रमाणात वाढत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, शंभर माणसे मळलेल्या एकाच वाटेने गेली तर कुरणाचे फारसे बिघडत नाही. तीच शंभर माणसे चिखल चुकवण्यासाठी किंवा छायाचित्रासाठी दहा वाटांनी पसरली, तर दहा नव्या जखमा होतात. बुग्यालांवरून एकमेकींना समांतर गेलेले मातीचे पट्टे दिसतात, ते असेच तयार झालेले असतात.

मुक्कामाचा परिणाम याहून खोल असतो. तंबू एकाच जागी अनेक रात्री राहिला की त्याखालील गवत प्रकाशाअभावी पिवळे पडते. स्वयंपाकाच्या, जेवणाच्या आणि सामानाच्या तंबूंभोवती दिवसभर ये-जा चालते, त्यामुळे माती घट्ट दाबली जाते व तिच्यात पाणी मुरत नाही. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तंबूभोवती चर खणण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. तो चर उतारावर असल्यास पुढच्या पावसाळ्यात पाण्याला आयती वाट मिळते आणि पाहता पाहता त्याची घळ होते. कुरण खचण्याची सुरुवात अनेकदा अशा वीतभर खोल चरापासून होते. एखाद्या गटाला मागच्या गटाने तुडवलेली जागा नकोशी वाटते, म्हणून तो थोडा पलीकडे हिरव्या गवतावर तंबू ठोकतो. अशा रीतीने उजाड जागा वाढत जातात.

सामान वाहणाऱ्या खेचरांचा वाटाही मोठा आहे. माणसाच्या बुटापेक्षा भार घेतलेल्या खेचराचा खूर जमिनीत अधिक खोल रुततो, आणि रात्री मोकळी सोडलेली जनावरे कुरणातच चरतात. ट्रेकरने स्वतःची पाठपिशवी खेचरावर दिली, की त्याच्या पावलांबरोबर आणखी चार खुरांची भर पडते. ही बाब गटाच्या पत्रकात सहसा छापलेली नसते.

शौचासाठी खणलेल्या खड्ड्यांचा प्रश्न थंड हवेमुळे अवघड होतो. सखल प्रदेशात काही आठवड्यांत कुजून जाणारे द्रव्य येथे दीर्घकाळ तसेच राहते. उतारावरच्या झऱ्यांचे पाणी तर खालची गावे पितात. मेंढ्यांच्या गोठणीभोवती किंवा वारंवार वापरल्या गेलेल्या तळांभोवती जमिनीत नत्राचे प्रमाण वाढते. तेथे रुमेक्स नेपालेन्सिस ही आपल्या आंबट चुक्याच्या कुळातील रुंद पानांची वनस्पती दाट माजते आणि मूळच्या फुलझाडांना जागा उरत नाही. तळ उठून गेल्यावरही पूर्वी मुक्काम कोठे होता, हे या पानांच्या हिरव्या डागावरून जाणकाराला सांगता येते.

असे असले तरी बुग्यालांवर केवळ ट्रेकरच मुक्काम करतात असे नाही. उन्हाळ्यात मेंढपाळ शतकानुशतके येथे कळप आणत आले आहेत. बर्फ वितळू लागताच कीडा जडी ही मौल्यवान बुरशी शोधण्यासाठी आसपासच्या गावांतील लोक कित्येक आठवडे वरच्या कुरणांत राहतात. त्यांच्या चुलींना सरपण लागतेच. नुकसानीचा हिशेब मांडताना पर्यटकांना एकटे उभे करणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही.

विरळ हवेचा हिशेब

आता या नात्याची दुसरी बाजू पाहणे आवश्यक आहे. पर्वत माणसावर जो परिणाम करतो, तो मुख्यतः हवेच्या दाबातून. हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचीवरही शेकडा २१ एवढेच असते. परंतु दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू घटतो. बेदनीच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, तर ५,००० मीटरच्या आसपास निम्म्याहून थोडा अधिक. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. तेथे लागणारा दम चढाचा असतो, हवेचा नव्हे. त्यामुळे सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेला धडधाकट तरुणही हिमालयात प्रथमच जाताना उंचीच्या बाबतीत नवखाच असतो. दमदार माणसास उंचीचा आजार होत नाही, हा समज चुकीचा आहे. उलट असा माणूस भराभर वर चढतो आणि अधिक धोका पत्करतो.

उंचीवर गेल्यावर श्वसनाचा वेग वाढतो, मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कांचा तोल नव्याने साधू लागतात आणि पुढे काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. यांपैकी कोणतीही क्रिया एका दिवसात पूर्ण होत नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, झोप न लागणे ही सौम्य आजाराची लक्षणे होत. ती दुर्लक्षून वर जात राहिल्यास फुफ्फुसांत पाणी साठू शकते किंवा मेंदूला सूज येऊ शकते, आणि या दोन्ही अवस्था प्राणघातक आहेत. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास सखल प्रदेशातून घाईने उंच सीमेवर नेलेल्या भारतीय जवानांमध्ये हे आजार मोठ्या प्रमाणावर आढळले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १,९०० जवानांच्या निरीक्षणांवर आधारित अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजाराविषयीच्या जागतिक वैद्यकीय वाङ्मयात तो आजही आधारभूत मानला जातो.

डॉक्टरांचा सल्ला असा की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. दिवसा किती उंच जाऊन आलो यापेक्षा रात्र किती उंचीवर काढली, याला महत्त्व असते. कारण झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातील प्राणवायू आणखी उतरतो. रूपकुंडच्या प्रचलित कार्यक्रमात लोहाजंग, दिदिना, बेदनी, पातर नचौनी आणि ४,००० मीटरच्या वर असलेले भगुवाबासा असे टप्प्याटप्प्याने मुक्काम होते. भगुवाबासाहून पहाटे निघून सुमारे ५,००० मीटर उंचीवरचे सरोवर पाहून परतायचे, असा क्रम असे. नोकरदारांच्या रजा मोजक्या असल्यामुळे या क्रमातून प्रथम वगळला जाई तो विश्रांतीचा दिवस.

हवामानाचा धोका वेगळाच. जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडातील सहस्रताल येथे गेलेल्या कर्नाटकच्या २२ जणांच्या गटाला हिमवादळाने गाठले. त्यांतील नऊ जणांचा मृत्यू झाला, तर उर्वरितांची वायुसेना आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाने सुटका केली. जूनमध्ये मैदानी प्रदेश उन्हाने होरपळत असतो. अशा वेळी ४,००० मीटरवर थंडीने माणसे गारठून दगावू शकतात, हे तेथे न गेलेल्यास खरे वाटत नाही.

सरोवरातील पुरावा

याच प्रकारच्या संकटाची सर्वांत जुनी खूण रूपकुंड हीच आहे. १९४२ मध्ये एका वनाधिकाऱ्याने तेथील मानवी हाडांची माहिती दिली. २००४ मध्ये गेलेल्या अभ्यासपथकाला काही कवट्यांवर वरून बसलेल्या आघातांच्या खुणा आढळल्या आणि गारांच्या माऱ्याने हे लोक मरण पावले असावेत, असा निष्कर्ष मांडण्यात आला. कनौजच्या राजा जसधवलाने नंदादेवीच्या मार्गात नर्तकी नाचवल्या, म्हणून देवीने लोखंडासारख्या गारा पाडल्या, अशी स्थानिक लोककथा आहे. पातर नचौनी हे नावही त्याच कथेतून आले आहे.

२०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे चित्र गुंतागुंतीचे केले. या संशोधनात लखनौच्या बिरबल साहनी संस्थेसह पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील अभ्यासकांचाही सहभाग होता. ३८ व्यक्तींच्या जनुकीय तपासणीत २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे व सर्वसाधारणपणे सातव्या ते दहाव्या शतकांमधील आढळले. १४ जणांचे नाते भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशाशी जुळले आणि त्यांचा काळ अवघा दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचा निघाला. एक व्यक्ती आग्नेय आशियाई होती. म्हणजे सारे जण एकाच वादळात सापडले नव्हते.

कोण कोणाबरोबर होते, कोणाच्या अंगावर कोणती वस्तू होती, हे आता सांगणे कठीण झाले आहे. दरडींनी हाडे हलवली, हे खरे. परंतु छायाचित्रासाठी कवट्या रचून ठेवणारे आणि आठवण म्हणून हाड घेऊन जाणारे पर्यटकही त्यास कारणीभूत आहेत. गवत काही वर्षांत पुन्हा उगवते. उचलून नेलेल्या हाडाचे मूळ स्थान मात्र कायमचे हरवते.

२०१८ चा आदेश आणि त्यानंतर

उच्च न्यायालयातील प्रकरण २०१४ चे होते. आली, बेदनी आणि बगजी या तीन बुग्यालांच्या नावाने स्थापन झालेल्या संरक्षण समितीने जनहित याचिका दाखल केली होती. न्यायालयाने मुक्कामबंदीबरोबरच कुरणांतील पक्की बांधकामे हटवण्यास सांगितले आणि व्यापारी चराईस मनाई करून केवळ स्थानिक मेंढपाळांना मुभा ठेवली.

कुरणाच्या दृष्टीने विचार केल्यास आदेशाचे मर्म अचूक होते. चालणे चालू द्यावे आणि झोपणे थांबवावे, हे वर सांगितलेल्या शास्त्राशी जुळते. बेदनीपुरता तर तो शरीराच्या दृष्टीनेही हिताचा आहे. खालच्या ओकवनातील गैरोली पाताल येथे सुमारे ३,००० मीटरवर रात्र काढून दिवसा बेदनी-आली फिरून परत येता येते. दिवसा उंच जावे व रात्री खाली झोपावे, या गिर्यारोहकांच्या जुन्या नियमाचेच ते पालन ठरते. रूपकुंडला मात्र हा मार्ग लागू पडत नाही. गैरोली पातालहून सरोवर सुमारे २,००० मीटर अधिक उंच आहे. तेथे एका दिवसात जाऊन येणे सामान्य ट्रेकरला शक्य नाही आणि कोणी ते केलेच, तर विरळ हवेत ती जिवाशी गाठ ठरेल. एकाच आदेशाने कमी उंचीची वाट अधिक शहाणी केली आणि जास्त उंचीची वाट बंद पाडली, असे त्याचे वर्णन करावे लागेल.

याचा फटका लोहाजंग, वाण, दिदिना, कुलिंग येथील वाटाडे, आचारी आणि खेचरवाले यांना बसला. शेती थोडी, नोकऱ्या दूर, अशा परिस्थितीत हंगामातील हे काही महिने त्यांच्या वर्षाच्या कमाईचे होते. गर्दीही नाहीशी झाली नाही. ती लोहाजंगहूनच निघणाऱ्या ब्रह्मतालच्या आणि उत्तरकाशी जिल्ह्यातील केदारकांठाच्या वाटेकडे वळली. मुक्काम कुरणातून जंगलात उतरल्याने तेथील खरसूवर भार पडतो, हेही लक्षात घ्यावे लागते. खरसूचे बी पावसाळ्यात पडते आणि फार काळ टिकत नसल्यामुळे त्याला लगेच रुजावे लागते. ऐन त्या दिवसांत झाडाखालची जमीन तुडवली गेल्यास नवी रोपे उभी राहत नाहीत.

बंद दऱ्यांचा अनुभव

उत्तराखंडात असे निर्बंध प्रथमच आले असे नव्हे. १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन यांनी ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या अंतःप्रदेशाची वाट शोधली. १९७४ मध्ये हा प्रदेश परदेशी मोहिमांना खुला झाला आणि काही वर्षांतच कचरा, वृक्षतोड व शिकार यांमुळे त्याची रया गेली. १९८२ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, पाठोपाठ मोहिमांना दार बंद करण्यात आले आणि १९८८ मध्ये त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. बंदीनंतर निसर्ग सावरला. परंतु मोहिमांवर आणि चराईवर अवलंबून असलेल्या लाता, रैणी या गावांचे उत्पन्न गेले. चिपको आंदोलनात १९७४ साली गौरादेवींच्या नेतृत्वाखाली वृक्षांना मिठी मारणारी ती हीच रैणी. जंगल वाचवणाऱ्यांनाच जंगलाबाहेर ठेवले गेले, ही भावना तेथे दीर्घकाळ राहिली. पुढे उद्यानाच्या छोट्या भागात गावकऱ्यांच्या सहभागाने मर्यादित पर्यटनास परवानगी देण्यात आली.

फुलांच्या घाटीत परिस्थिती निराळी आहे. तेथेही रात्री राहता येत नाही. पर्यटक घांघरिया येथे उतरतात आणि दिवसा जाऊन परततात. १९८२ नंतर चराई थांबली आणि काही वर्षांनी पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम ही उंच वाढणारी वनस्पती घाटीत इतकी फोफावली, की ती दरवर्षी उपटून काढण्याचे काम वनखात्याला हाती घ्यावे लागले. चराई थांबल्यामुळेच हे घडले काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण माणूस आणि जनावर बाजूला केले की कुरण आपोआप पूर्ववत होते, हे गृहीत धरता येत नाही.

उघड्या पडलेल्या जागा दुरुस्त करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. उत्तरकाशी जिल्ह्यातील दयारा बुग्यालात वनखात्याने घळी बुजवण्यासाठी काथ्याच्या जाळ्या, चीडवृक्षाची वाळलेली सुईसारखी पाने आणि बांबू यांचा वापर केला. सिमेंट टाळून उतारावरची माती धरून ठेवायची आणि तिच्यावर पुन्हा गवत येऊ द्यायचे, अशी ही पद्धत आहे.

बेदनीच्या बाबतीत एक प्रश्न शिल्लक राहतो, तो नंदादेवी राजजात यात्रेचा. नौटी गावाहून होमकुंडापर्यंत सुमारे २८० किलोमीटरची ही पायी यात्रा चार शिंगांच्या मेंढ्याला पुढे ठेवून निघते. बेदनी आणि पातर नचौनी हे तिचे परंपरागत मुक्काम आहेत. त्या रात्री कुरणात हजारो भाविक असतात आणि त्यांना खाली जंगलात झोपा असे सांगणे कोणत्याही प्रशासनाला सोपे नाही. यात्रा बारा वर्षांनी निघावी असा संकेत असला तरी पंचांग आणि हवामान पाहून वर्ष पुढे-मागे होते. २००० नंतरची यात्रा जून २०१३ च्या महापुरामुळे लांबून ऑगस्ट-सप्टेंबर २०१४ मध्ये पार पडली. मुक्कामबंदीचा आदेश आला तो त्यानंतर चार वर्षांनी.